समाधीची जागा वगळून

"तो पेपर टाकून देऊ नको गं गुरम्मा. जाताना पीठ झाकायला लागतंय," असं म्हणून साखराबाई बाकड्यावर टेकल्या.

गुरम्माने गव्हाच्या डब्यावरचा पेपर उचलून झटकला. फाल्गुन सरत आला होता. शेवया-कुरडयांचे दिवस, त्यामुळे सकाळी आठलाच तिच्या गिरणीपुढे डब्यांची रांग लागली होती. डब्यांवरचे पेपर वाचायची तिची सवय जुनी. सातवीपर्यंत शिकलेली बाई, घरात पेपर येत नाही. दळण पडेपर्यंत लोकांचे शिळे पेपर वाचायचे आणि घडी करून पुन्हा डब्यावर ठेवायचे. जगाच्या बातम्या तिला आठ-दहा दिवस उशिराने कळत. त्यावाचून आजवर तिचं काही अडलं नव्हतं.

पानाच्या कोपऱ्यात चौकटीत 'जाहीर नोटीस' होती. अशा नोटिसा ती वाचत नसे. पण 'मौजे मुरुड' या शब्दांवर नजर थांबली. लातूरजवळचं मुरुड तिचं माहेर. खाली गट क्रमांक होता, चारशे सतरा. तो आकडा तिला पाठ होता, कारण पाच वर्षांपूर्वी त्याच आकड्याखाली तिने सही केली होती.

'सदर मिळकत श्री. उमाशंकर यांच्या मालकी व कब्जेवहिवाटीची असून त्यांनी ती माझे अशिलास कायम खरेदी देण्याचे मान्य केले आहे. सदर मिळकतीवर कोणाचाही हक्क, हितसंबंध असल्यास पंधरा दिवसांचे आत लेखी हरकत नोंदवावी. अन्यथा कोणाचाही हक्क नाही, असल्यास तो सोडून दिला आहे, असे समजण्यात येईल.'

गुरम्माने वरची तारीख पाहिली. मग भिंतीवरच्या पंचांगाच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले. आजचा अकरावा.

"काय गं, कोण गेलं का?" साखराबाईंनी विचारलं.

"न्हाई. कुणी गेलं न्हाई," गुरम्मा म्हणाली आणि गिरणीचं बटण दाबलं. पट्टा फिरू लागला. कापडी पिशवीतून गरम पीठ खाली येत राहिलं, आणि ती दर दळणाला घेते तशी चिमूटभर बोटांत घेऊन चोळत राहिली. साखराबाई गेल्या, पुढची गेली, तिच्या पुढची गेली. दुपारपर्यंत तिने बारा डबे दळले. एकाचंही पीठ जाडसर पडलं नाही.

*

उमाशंकर तिच्याहून सात वर्षांनी धाकटा. त्यांची आई रत्नम्मा उदगीरकडची, त्यामुळे घरात आईला अव्वा म्हणायचे, मोठ्या बहिणीला अक्का आणि धाकट्या भावाला तम्मा. वडील लवकर गेले. अव्वाने ते शेत एकटीने केलं, आणि सहा वर्षांपूर्वी ती लिंगैक्य झाली तेव्हा तिला तिथेच, बेलाच्या झाडाखाली समाधी दिली.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला निजवत नाहीत. खड्ड्यात कोनाडा कोरून मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात, विभूती आणि बेल वाहतात आणि मग माती लोटतात. गुरम्माने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून रोज पहाटे अंघोळ करून ती गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसली की तिला वाटे, तिकडे अव्वाही अशीच बसली असेल. पूजा होईपर्यंत ती पाणी पीत नसे, कुणाशी बोलत नसे. नवरा गेला त्या दिवशीही तिने हा नेम मोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गिरणीला कुलूप घालून ती मुरुडला गेली.

"या वन्सं," भावजय शिवगंगा दारातच म्हणाली. "अगुदर फोन केला असता तर पुरणाचं टाकले असते की."

"पुरणाला न्हाई आले गं. तम्मा कुठं हाय?"

उमाशंकर आतून बनियनवरच आला. बहिणीला अवचित बघून त्याने आधी खुंटीवरचा सदरा घातला. "अक्का? तुला कोण सांगितलं?"

"पेपर सांगितला."

"मी सांगणारच व्हतो."

"अकरा दिस झाले, तम्मा."

तो कपाटाकडे वळला. कपाटावरून एक गुंडाळी काढली आणि सतरंजीवर पसरली. शेताचा नकाशा. पण त्यात शेत नव्हतं, चौकोनच चौकोन होते आणि प्रत्येक चौकोनात नंबर. गुरम्माने चष्मा लावला. विहीर सापडली, बांध सापडला. बांधापासून चाळीस पावलं मोजावीत तसं तिचं बोट नकाशावरून सरकत गेलं आणि दोन रेघांच्या मधल्या कोऱ्या पट्टीवर थांबलं.

"हे काय हाय?"

"रस्ता. नऊ मीटरचा."

"आन् बेल?"

"झाड काढावं लागतंय."

"झाडाखाली अव्वा हाय."

"मला ठाव न्हाई व्हय ते?" उमाशंकर नकाशाकडे बघतच म्हणाला. "जंगमस्वामींना इचारलो मी. मूठभर माती घेऊन दुसरीकडं समाधी बांधता येती, म्हणले. चांगली बांधू. टाइल्सची."

"माती तू नेशील. अव्वा तिथंच बसलेली ऱ्हाईल का न्हाई? तिच्या डोक्यावरनं गाड्या जायच्या व्हय?"

शिवगंगा चहा घेऊन आली ती दारातच थबकली.

"तूच सांग मी काय करू," उमाशंकर म्हणाला. "चारी बाजूनं प्लॉट पडले. पायपलाइन तोडून टाकले. बैल न्यायला वाट ऱ्हाईली न्हाई. मधल्या तुकड्यात काय पेरू?"

"जमीन इक. मी नको कुठं म्हणायले? तेवढी जागा सोड."

"पार्टी ऐकत न्हाई. दहादा बोललो. रस्ता तिथूनच निघतो, म्हणते."  मग नकाशाची गुंडाळी करता करता अगदी हळू म्हणाला, "आन् तू तर सही दिलीस की अक्का. मला वाटलं, तुझं काही म्हणणं न्हाई."

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते गुरम्माला लागलं. तिने चहा घेतला, कारण माहेरचा चहा तिने कधी टाकला नव्हता, आणि बस धरायच्या आधी शेतात जाऊन आली. बेलाच्या भोवती पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. समाधीच्या दगडाला लागून एक खुंटी ठोकली होती, डोक्याला लाल रंग दिलेली. गुरम्माने ती हलवून पाहिली. खुंटी खोल गेली होती.

*

लातूरच्या रजिस्ट्री कचेरीसमोर लिंबाखाली दस्तलेखकांची टेबलं असत. आता बहुतेकांनी कॉम्प्युटरची दुकानं थाटली होती. वीरण्णा तेवढे लिंबाखाली राहिले होते. वय त्र्याहत्तर, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, आणि टेबलावर दगडाखाली दाबलेले कागद.

मुरुडहून थेट आलेल्या गुरम्माला बघून त्यांनी खुर्ची पुढे केली. तिने सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की पहिल्या दोन वाक्यांतच त्यांना तो दिवस आठवला आहे.

तिलाही आठवत होताच. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी उमाशंकर तिला इथे घेऊन आला होता. एका हातात पिशवी, पिशवीत भावाने बहिणीला घेतलेली हिरवी इरकली साडी. माहेरची जमीन भावाच्या नावे सोडायची आणि साडीचोळी घेऊन घरी जायचं. तिच्या ओळखीच्या सगळ्या बायकांनी तेच केलं होतं. अर्धी जमीन आपली आहे हे तिला माहीत नव्हतं असं नाही. दळणाच्या पेपरात तिने तेही वाचलं होतं. पण हिस्सा मागितलेल्या बहिणीला पंचमीला कोण नेतं? जमीन गेली तरी चालेल, माहेर राहिलं पाहिजे, एवढाच तिचा हिशेब.

वीरण्णांनी हक्कसोडपत्र लिहिलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचून दाखवलं. मग चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "शेतात आईची समाधी हाय म्हणता. 'समाधीची जागा वगळून' असं एक वाक्य टाकू का? पाच मिनिटाचं काम."

उमाशंकरचा चेहरा एवढासा झाला होता. जणू बहिणीने त्याला चोर म्हटलं होतं. गुरम्माने ते पाहिलं आणि म्हणाली, "टाकू नका अण्णा. आईला कागदात कुणी वगळतंय व्हय?"

आता वीरण्णा बराच वेळ दगडाखालचे कागद सारखे करत बसले. "तीस-पस्तीस वर्षं बहिणींच्या सह्या घ्यायलो, अक्का," ते म्हणाले. "एकीनं बी म्हणलं न्हाई, अण्णा, हे एवढं सोडून लिहा. तुमाला मी आपणहून इचारलो. पर जोर लावून इचारायला पाहिजे व्हतं."

"तुमचा काय दोष न्हाई."

"एक रस्ता हाय." त्यांनी आवाज खाली आणला. "दस्ताच्या खाली लिहिलेलं असतंय, वाचून दाखविला, समजला, कबूल. मी उद्या उभा ऱ्हाऊन सांगतो, गर्दी व्हती, वाचून दाखवला न्हाई, बाईंना समजला न्हाई. दस्त डळमळतो. मग समाधीच काय, अर्ध्या जमिनीचा दावा लावता येतो. पार्टी पळून जाईल. माझं वय झालं, मला कोण काय करणार हाय?"

लिंबाची पानगळ चालू होती. एक पिवळं पान टेबलावर पडलं. गुरम्माने ते उचलून बाजूला ठेवलं. एवढं एक वाक्य वीरण्णांनी बोलायचं आणि एवढंच तिने बोलायचं. अव्वा वाचली असती. आणि भाऊ खोट्यात पडला असता, त्याचं शेतही अडकलं असतं. पण त्यानेही कुठे तिला विचारून नोटीस दिली होती? हेही तिच्या मनात येऊन गेलं. यायला नको होतं, पण आलं.

"तुमी वाचला व्हता, अण्णा," ती शेवटी म्हणाली. "मी ऐकला व्हता."

"ते तुमाला आन् मलाच ठाव."

"जिच्यासाठी करायचं, ती तळहातावर लिंग घेऊन बसलीय. तिच्यापुढं जाऊन मी कोणत्या तोंडानं उभी ऱ्हाऊ?"

वीरण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "मग तुमी विधी सेवावाल्यांकडं जावा," ते म्हणाले. "कोर्टाच्या आवारातच हाय. आजच जावा. मुदतीत हाव तुमी."

*

विधी सेवेच्या खोलीत तनुजा नावाची वकीलबाई भेटली. असेल तिच्या लेकीएवढी, पुनमएवढी. पुनम नांदेडला, विष्णुपुरीत दिलेली. टेबलावर डबा उघडाच होता. ती अर्धी भाकरी तशीच झाकून ठेवून ऐकू लागली.

"फी किती पडती, बाई?" गुरम्माने आधी विचारलं.

"काही नाही. बाईमाणसाला मोफत वकील मिळायचा हक्कच आहे, मावशी. उत्पन्नाचा दाखला पण लागत नाही."

गुरम्माला ते खरं वाटेना. तिने हातरुमालाची गाठ सोडली नाही, तशीच मुठीत धरली.

तनुजाने दस्ताची नक्कल वाचली. "वाचून दाखवला होता?"

"हाव."

"कुणी जबरदस्ती? धाक?"

"न्हाई."

"समजला होता?"

"सगळा."

तनुजाने तिच्याकडे नीट पाहिलं. असं उत्तर देणाऱ्या बायका तिच्याकडे कमी येत असाव्यात. "मग सरळ सांगते," ती म्हणाली. "जमिनीतला हिस्सा गेला. तो परत मागता येणार नाही. पण समाधीची विटंबना होऊ नये, तिथं दर्शनाला जाता यावं, हे म्हणणं वेगळं आहे. कोर्टात ते शेवटपर्यंत टिकेल अशी हमी मी देत नाही. पण हरकत घ्यायचा हक्क तुमचा आहे. आणि प्लॉटिंग करताना थोडी जागा खुली सोडावीच लागते, बागेबिगेसाठी. ती समाधीभोवती सोडा, असं मागू. बघू."

"दहा फूट बाय दहा फूट बास," गुरम्मा म्हणाली. "आन् जायला वाट."

तनुजाने लिहायला घेतलं आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. गुरम्मा हात मांडीवर ठेवून ऐकत होती. मध्येच तिने बोट वर केलं. "'भावाने विश्वासघात केला' लिहिलं का? ते खोडा."

"मावशी, त्यानं जोर येतो हरकतीला."

"त्यानं फसवलं न्हाई मला. खोडा ते."

तनुजाने ते वाक्य खोडलं.

"भाऊ चांगला हाय, असं लिहिता येतंय का?"

पेन थांबलं. "तसं लिहायची पद्धत नाही," तनुजा हळूच म्हणाली.

गुरम्माने कागद हातात घेतला आणि आता स्वतः वाचला, एकेका ओळीखाली बोट फिरवत. खोलीबाहेर रांग होती. कुणीतरी दारातून डोकावून गेलं. तिने घाई केली नाही. मग सही केली. संध्याकाळी पाचच्या आत हरकत नोटीस देणाऱ्या वकिलाच्या कचेरीत पोचली, एक प्रत नकाशा मंजूर करणाऱ्या कचेरीला गेली, आणि पोच म्हणून शिक्का मारलेला कागद गुरम्माच्या हातात आला. बारावा दिवस होता. घरी येऊन तिने तो कागद देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवला. त्या रात्री ती जेवली नाही. उपवास कसला ते तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

*

चैत्र गेला, वैशाख गेला. उमाशंकरचा फोन आला नाही. तिने दोनदा केला. शिवगंगाने उचलला, "ते बाहेर गेलेत" म्हणाली, आणि आवाजावरून कळलं की बाहेर गेलेले नाहीत.

ज्येष्ठात एका दुपारी तो स्वतः आला. गिरणी चालू होती. तो आत न येता डब्यांच्या रांगेपाशी उभा राहिला, दळण आणलेल्या माणसासारखा. गुरम्माने बटण बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला, आणि पिठाची धूळ दोघांच्या मधे खाली बसत गेली.

"वकिलाच्या हातनं पत्र आलं व्हतं," तो म्हणाला. "'हरकतदार गुरम्मा भ्रतार महालिंग.' मला आदी कळलंच न्हाई कोण ते. शिवगंगा म्हणली, अव, वन्सं हायत."

"बस तम्मा. पाणी देते."

"नको." त्याने काखेतून तसलीच एक गुंडाळी काढली. नवा नकाशा होता. रस्ता एका बाजूला वळवला होता. बेलाभोवती एक लहान हिरवी चौकट होती आणि तिच्यात बारीक अक्षरात 'खुली जागा'. "पार्टी कागदाला भ्याली. हेलपाट्यात अडकण्यापरीस सोडून दिलं म्हणले. माझ्या वाट्याचा कोपऱ्यावरचा प्लॉट गेला त्यात. अक्षराच्या नावावर करणार व्हतो. जाऊ दे."

अक्षरा त्याची एकुलती एक. गुरम्माने तिला पायावर घेऊन न्हाऊ घातलं होतं. "मला सांगायचास की रे," ती म्हणाली. "माझ्याकडून काय..."

"सांगायची वेळ कुठं ठेवलीस? माझ्या दारात येऊन तू चहा पिऊन गेलीस, अक्का. आन् तिथनं सरळ कोर्टात गेलीस. गावातली माणसं म्हणायली, बहिणीनं भावावर नोटीस टाकली. मी कुणाकुणाला सांगू की अव्वासाठी टाकली म्हणून? कोण ऐकतंय?"

"तू मला न सांगता..."

"हाव. मी सांगितलो न्हाई," तो लगेच म्हणाला. "माझी लाज निघत व्हती म्हणून सांगितलो न्हाई. तुला तोंड कसं दावू म्हणून. तेवढं बी कळलं न्हाई व्हय तुला?"

गुरम्माने पदराने हातावरचं पीठ पुसलं. पुसलं जाईना. तो वळला. बोळाच्या तोंडाशी जाऊन थांबला आणि मागे न बघता म्हणाला, "पंचमीला वाट बघू नको."

ती बराच वेळ बोळाकडे बघत उभी होती. मग रांगेतल्या बाईने विचारलं, "मावशी, लाइट गेली का?" तेव्हा तिने बटण दाबलं.

*

लग्न झाल्यापासून पंचमीला उमाशंकर मुराळी म्हणून तिला न्यायला येत होता. पहिल्या वर्षी तर एवढासा होता, गावातल्या कुणाचं तरी बोट धरून आलेला, आणि माहेरी जाताना बसमध्ये तिच्या मांडीवर झोपून गेलेला. या वर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी तिने अंगण सारवलं, ज्वारीच्या लाह्या पाखडून ठेवल्या. संध्याकाळपर्यंत दोनदा बोळाच्या तोंडाशी गेली. दुसऱ्यांदा गेली ते साखराबाईंनी पाहिलं, पण काही विचारलं नाही. तिला ते उपकारच वाटले.

पंचमीला दळण नाही, चिरणं नाही, तवा ठेवायचा नाही. पहाटेची पूजा करून तिने पुरणाचे दिंड उकडले, डब्यात भरले, विभूतीची पुडी घेतली आणि एकटीच मुरुडच्या बसमध्ये बसली.

शेताच्या जागी लोखंडी फाटक होतं. आत खडीचे रस्ते, पांढरे दगड, नंबर. फाटकाशी पत्र्याच्या खोलीत वॉचमन बसला होता.

"कोणत्या प्लॉटवर, मावशी?"

"प्लॉटवर न्हाई. तिकडं बेलाखाली जायचंय."

"मंग लिहा हितं. साहेबांचा हुकूम हाय, आलेल्या माणसाचं नाव पाहिजे म्हणजे पाहिजे. जुने मालक बी सकाळी लिहूनच आत गेले."

त्याने वही पुढे सरकवली. रकाने आखलेले होते: नाव, कोणाकडे, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. गुरम्माने चष्मा लावला. आता ती कशाखालीही न वाचता नाव लिहीत नसे. पान वरून वाचायला घेतलं. आजच्या तारखेखाली पहिलीच ओळ ओळखीच्या अक्षरात होती, लहानपणी पाटीवर तिनेच गिरवून घेतलेल्या अक्षरात. उमाशंकर. कोणाकडे: अव्वा. आला सातला. गेला सव्वासातला.

तिने घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजले होते.

"लिहिता येतंय ना?" वॉचमनने विचारलं.

"येतंय."

तिने त्याच्या खाली नाव लिहिलं. दुसऱ्या रकान्यात वरचाच शब्द लिहिला. वेळ लिहिली.

बेलाखाली ओलं होतं. समाधीचा दगड कुणीतरी धुतला होता आणि त्यावर तीन बेलाची पानं होती, अजून न सुकलेली. गुरम्माने ती काढली नाहीत. आपली त्यांच्या शेजारी ठेवली. विभूती लावली. दिंड ठेवला. मग समोर मांडी घालून बसली, जशी रोज पहाटे बसते तशी, आणि गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं. खडीच्या रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, कुणीतरी प्लॉट दाखवायला आणलेलं जोडपं होतं. बाईने वळून पाहिलं. मग ती दोघं नंबर शोधत पुढे गेली.

ऊन कलेपर्यंत ती तिथेच होती. उठताना डब्यात उरलेले दिंड तिने मोजले. उमाशंकरला लहानपणापासून चार लागत. तिने डबा फडक्यात परत बांधला.

फाटकाकडे जायच्या ऐवजी तिचे पाय सवयीने बांधाकडे वळले. विहिरीच्या मागून जाणारी ती जुनी वाट होती. लहानपणी अव्वाला भाकरी पोचवून ती याच वाटेने घरी जायची. त्या बाजूला तारेचं कुंपण अजून पोचलं नव्हतं. बांध संपला तिथे वाट दुभंगत होती. एक गावात भावाच्या दारावरून जाणारी, एक सरळ बसस्टँडला. गुरम्मा क्षणभर थांबली, डबा या हातातून त्या हातात घेतला, आणि स्टँडच्या वाटेला लागली.

अंधार पडताना वॉचमनने वहीतली ओळ पाहिली. जाण्याच्या वेळेचा रकाना कोरा होता. बॅटरी घेऊन तो बेलापर्यंत जाऊन आला. तिथे कुणी नव्हतं. काय लिहावं ते त्याला सुचेना, म्हणून त्याने तो रकाना तसाच ठेवला आणि वही मिटली.